कुव्वत, बल, फोर्स : विज्ञानाचे शब्द मुलांच्या हाताला लागू द्या

सहावी-सातवीतल्या मुलाला विचारा, ‘बल म्हणजे काय?’ बहुतेक मुलं पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. मग विचारा, ‘बरं, आत्ता तू दार लोटून आत आलास. तिथं बल कुठं होतं?’ आता मूल आपल्या तोंडाकडे बघत राहतं. व्याख्या पाठ आहे, पण ती व्याख्या आणि समोरचं दार यांची गाठ कधी पडलेलीच नाही.

ही अडचण सगळ्याच समाजांतल्या मुलांची आहे. आपल्या घरांत ती जरा जास्त गुंतते, एवढंच. घरात बोलणं दखनीत, कोकणात असाल तर कोकणीत. गल्लीत आणि बाजारात मराठी. मक्तबमध्ये उर्दू आणि अरबी. शाळा कुणाची मराठी, कुणाची उर्दू, कुणाची सेमी-इंग्रजी. सातवीपर्यंत उर्दू शाळेत ‘कुव्वत’ शिकलेला मुलगा आठवीत मराठी शाळेत गेला की तिथं त्याला ‘बल’ भेटतं. दहावी होऊन सायन्सला गेला की ‘फोर्स’. दर वेळी त्याला वाटतं, हे काहीतरी नवीनच आलं. धडा तोच असतो, फक्त पाटी बदललेली असते. पण हे त्याला कुणी सांगत नाही, आणि मग ‘मुलगी हुशार आहे हो, पण सायन्स झेपत नाही’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. अनेकदा तिला सायन्स नव्हे, सायन्सची भाषा झेपलेली नसते. दोन्हींत फार फरक आहे.

म्हणून हा लेख पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आणि त्यांच्याबरोबर अभ्यासाला बसणाऱ्या अम्मी-अब्बूंसाठी. तुमचं स्वतःचं शिक्षण किती झालंय याची चिंता करू नका. इथं लागणारं सामान म्हणजे दोरी, रबर, पाणी, कॅरम बोर्ड आणि लाईट बिल.

तीन शब्द, एकच घोटाळा

आधी मुळाशी जाऊ. मराठीत बल, ऊर्जा आणि शक्ती. उर्दूत कुव्वत, तवानाई आणि ताकत. इंग्रजीत फोर्स, एनर्जी आणि पॉवर. रोजच्या बोलण्यात हे तिन्ही शब्द कोणत्याही भाषेत एकाच अर्थानं वापरतात. ‘त्याच्या अंगात ताकत आहे’, ‘तिच्यात खूप एनर्जी आहे’, ‘हा साबण पॉवरवाला आहे’. बोलताना यात काही चूक नाही. भौतिकशास्त्रात मात्र या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची मापं वेगळी, एककं वेगळी. परीक्षेत एकाच्या जागी दुसरा शब्द लिहिला तर गुण जातात, आणि ते जायलाच हवेत.

बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. ते नेहमी दोन वस्तूंमध्ये असतं : हात आणि दार, बॅट आणि चेंडू, पृथ्वी आणि आंबा. बल कुणाच्या अंगात साठून राहत नाही. हात दारावरून काढला की हाताचं बल संपलं. ऊर्जा मात्र साठवता येते. ताणलेल्या रबरात, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात, खजुरात, मोबाईलच्या बॅटरीत ती साठून असते आणि वेळ आली की काम करून दाखवते. आणि शक्ती म्हणजे ते काम किती भराभर झालं त्याचा हिशेब.

एवढं एक मुलाच्या डोक्यात नीट बसलं, तर पुढचे निम्मे धडे सोपे जातात.

बल : कॅरमपासून वजूखान्यापर्यंत

बल काय काय करतं ते कॅरम बोर्डावर बघा. थांबलेल्या सोंगटीला स्ट्रायकर लागला की ती सुटते. बाजूच्या लाकडावर आपटली की दिशा बदलते. काही न करता सोडली तरी थोडं पुढं जाऊन थांबते. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मूल म्हणेल, ‘तिचा जोर संपला.’ तिथंच त्याला अडवा. जोर संपला म्हणून ती थांबली नाही, तर कुणीतरी तिला थांबवलं. बोर्ड आणि सोंगटी एकमेकांना घासतात, त्या घासण्याचं बल उलट्या दिशेनं लागतं. मराठीत ते घर्षण, उर्दूत रगड, इंग्रजीत फ्रिक्शन. आता बोर्डावर पावडर टाका आणि तीच सोंगटी तशीच मारा. ती जास्त लांब जाते, कारण अडवणारं बल कमी झालं. पावडरनं सोंगटीला जोर दिलेला नाही. घर्षण नसतं आणि हवाही नसती, म्हणजे अडवणारं काहीच नसतं, तर सोंगटी थांबलीच नसती. पुढं नववीत न्यूटनचा पहिला नियम येतो तो हाच.

बलाचा आणखी एक परिणाम स्वयंपाकघरात रोज दिसतो. कणीक मळताना, पोळी लाटताना बल वस्तूचा आकार बदलतं. पुस्तकातली ‘स्थिती, दिशा आणि आकार बदलणारं’ ही व्याख्या अशी हातात धरून दाखवता येते.

घर्षणाला मुलं नेहमी शत्रू समजतात. ‘घर्षणाचे तोटे लिहा’ असा प्रश्न आला की पानभर लिहितात, फायदे विचारले की अडतात. वजूखान्यात ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो आणि म्हणून तिथं खरखरीत फरशी किंवा रबरी मॅट टाकतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला घर्षणाचा फायदा वेगळा शिकवावा लागत नाही. गुळगुळीत टाईल्सवर मुसल्ला सरकतो, सतरंजीवर सरकत नाही, हे तर मुलांना रोजचं माहीत आहे. फक्त ते विज्ञान आहे हे त्यांना माहीत नसतं.

वजन हा शब्द आपलाच, पण अर्थ बदलून आलेला

‘वजन’ हा शब्द अरबीतून आला आणि मराठी, उर्दू, हिंदी सगळीकडे रुजला. त्यामुळे मुलांना वाटतं, निदान हा तरी शब्द आपल्याला येतो. नेमका इथंच पाय घसरतो. वाण्याकडे आपण ‘दोन किलो तांदूळ वजन करून द्या’ म्हणतो. भौतिकशास्त्रात ते दोन किलो म्हणजे वस्तुमान. उर्दूत कमियत, इंग्रजीत मास. वस्तूत किती द्रव्य आहे, ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या तांदळाला ज्या बलानं खाली ओढते, ते बल. आणि बल किलोत मोजत नाहीत, न्यूटनमध्ये मोजतात.

या ओढीला मराठीत गुरुत्वाकर्षण म्हणतात आणि उर्दूत कशिशे-सक्ल. ‘कशिश’ मुलांना गाण्यांमधून ठाऊक असतं. ओढ. अर्थ तोच, फक्त इथं ओढणारी पृथ्वी आहे.

30 किलो वस्तुमानाचं मूल चंद्रावर गेलं तरी 30 किलोचंच राहील. त्याच्यातलं द्रव्य कुठं जाणार? पण चंद्राची ओढ पृथ्वीच्या सुमारे एक-षष्ठांश आहे. म्हणून पृथ्वीवर साधारण 300 न्यूटन असलेलं त्याचं वजन तिथं 50 न्यूटनच्या आसपास येईल. आता मुलाला एक गंमत विचारा : दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तर दोन किलो तांदूळ किती भरतील? दोन किलोच. कारण एका पारड्यात तांदूळ, दुसऱ्यात वजनमाप, आणि ओढ दोघांचीही सारखीच कमी झाली. स्प्रिंगचा ताणकाटा नेला तर मात्र काटा एक-षष्ठांशावर थांबेल. तराजू वस्तुमानांची तुलना करतो, ताणकाटा बल मोजतो. या प्रश्नावर घरात मस्त वाद होतो. होऊ द्या.

न्यूटन म्हणजे नेमकं केवढं, हे बहुतेक मुलांना दहावीपर्यंत कळत नाही. ते तळहातावर दाखवता येतं. पातळ पिशवीत 100 मिलिलिटर पाणी घ्या. औषधाच्या बाटलीच्या टोपणावर किंवा मापाच्या कपावर आकडे असतात, त्यानं मोजा. ही पिशवी मुलाच्या तळहातावर ठेवा. हातावर जो भार जाणवतो तो जवळजवळ एक न्यूटन. संपला विषय. अर्धा लिटर दुधाची पिशवी म्हणजे पाचेक न्यूटन, पाच किलोचं दप्तर म्हणजे पन्नासेक न्यूटन.

आता याच पाण्यावर ताणकाटा करा. भिंतीतल्या खिळ्याला एक रबर अडकवा, रबराला पिशवी बांधा आणि मागं कागद चिकटवा. 100 मिलिलिटर पाणी ओतून पिशवी जिथं येईल तिथं खूण : 1 न्यूटन. मग 200, मग 300. मुलाला दिसेल की खुणांमधली अंतरं अगदी सारखी येत नाहीत. ‘चुकलं’ म्हणून तो खुणा पुसून समान करायला जाईल. करू देऊ नका. रबर तसाच ताणला जातो, आणि म्हणूनच शाळेतल्या ताणकाट्यात रबर नसतो, धातूची स्प्रिंग असते. जे दिसलं ते लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही.

काम केलं, तरी ‘कार्य’ शून्य

पुढचा शब्द मराठी माध्यमात ‘कार्य’, उर्दूत ‘काम’, इंग्रजीत ‘वर्क’. मराठीत ‘घरात कार्य आहे’ म्हटलं की लोकांना लग्न आठवतं, त्यामुळे मराठी माध्यमाची मुलंही इथं थोडी बिचकतात. भौतिकशास्त्रातलं कार्य अगदी कंजूष आहे. बल लावलं आणि वस्तू त्या बलाच्या दिशेनं सरकली, तरच कार्य झालं. किती बल गुणिले किती अंतर. वस्तू सरकली नाही तर कार्य शून्य.

म्हणजे डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन तासभर एका जागी उभी असलेली बाई भौतिकशास्त्राच्या हिशेबानं हंड्यावर काहीच कार्य करत नाही. एवढंच नव्हे, तो हंडा घेऊन ती सपाट रस्त्यानं चालत गेली तरी वर उचलून धरणाऱ्या बलाचं कार्य शून्यच, कारण बल वरच्या दिशेला आणि चालणं आडवं. हे ऐकून कुणाही अम्मीला राग येईल, आणि तो योग्यच आहे. ती दमते हे खरं आहे. हंडा सरकला नाही तरी तिचे स्नायू आतल्या आत सतत आखडत आणि सैल होत असतात, त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. ऊर्जा गेली, पण हंड्याला मिळाली नाही. ‘कार्य शून्य’ म्हणजे ‘मेहनत शून्य’ असं नाही. शब्द एकच, हिशेब दोन. शिक्षक हे सांगायचं राहून गेले की मूल मनातल्या मनात ठरवतं की विज्ञानात काहीतरी खोटं शिकवतात.

कार्याचं एकक ज्यूल. ती आपली 100 मिलिलिटरची पिशवी जमिनीवरून एक मीटर वर उचला, म्हणजे साधारण तुमच्या कमरेपर्यंत. हे झालं जवळपास एक ज्यूल कार्य. आणि ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, म्हणून ऊर्जाही ज्यूलमध्येच मोजतात. वर उचललेल्या पिशवीत आता एक ज्यूल ऊर्जा साठली. ती स्थितिज ऊर्जा. पिशवी सोडली की पडता पडता तीच ऊर्जा गतीची होते, ती गतिज ऊर्जा. खाली आपटल्यावर? आवाज झाला, पाणी उडालं, फरशी आणि पाणी किंचित, हाताला कळणार नाही इतकं, गरम झालं. ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते.

रमजानमध्ये हा धडा दस्तरखानावरच असतो. एका लहान खजुरात साधारण 20 किलोकॅलरी ऊर्जा असते. पाकिटाच्या मागं लिहिलेली असते, मुलाला वाचायला लावा. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे 4,184 ज्यूल. म्हणजे एका खजुरात 80 हजारांहून जास्त ज्यूल. तेवढ्या ऊर्जेत आपली पिशवी 80 हजार वेळा कमरेपर्यंत उचलता यावी, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात शरीर यातला बराच भाग श्वास, हृदय, मेंदू आणि अंगाची ऊब यांवर खर्च करतं, उचलण्याला त्यातला थोडाच वाटा मिळतो. इफ्तारनंतर हे गणित करायला मुलं आनंदानं बसतात. उपाशीपोटी मात्र करायला लावू नका.

पॉवर आणि लाईट बिल

आता जिना. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण, समजा दोघंही 30 किलोचे, तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर गेले. उंची तीन मीटर. दोघांचंही कार्य सारखंच : 300 न्यूटन गुणिले 3 मीटर, म्हणजे 900 ज्यूल. पण बहीण पाच सेकंदांत पळत गेली आणि भाऊ पंधरा सेकंदांत रेंगाळत. बहिणीची शक्ती 900 भागिले 5, म्हणजे 180 वॅट. भावाची 60 वॅट. कार्य तेच, दर वेगळा. शक्ती, ताकत, पॉवर म्हणजे हा दर.

बल्बवर 9 वॅट लिहिलेलं असतं ते हेच. तो दर सेकंदाला 9 ज्यूल वीज खातो. यंत्रमागाच्या मोटरवर आणि विहिरीच्या पंपावर ‘एचपी’ लिहिलेलं असतं, म्हणजे अश्वशक्ती. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मुलांना हे आकडे वहीत शोधायची गरज नाही, कारखान्यात मोटरच्या पट्टीवर आहेत. तिथंच ऊर्जेचं रूपांतरही बघायला मिळतं. आत विजेची ऊर्जा, बाहेर फिरणारा पट्टा, आणि शिवाय गरम झालेली मोटर आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट. उष्णता आणि आवाजही त्याच विजेतून आलेत, त्याचे पैसेही बिलात आहेत.

आणि बिलावरचा ‘युनिट’? बरेच मोठे लोकही त्याला पॉवर समजतात. युनिट ही ऊर्जा आहे. एक हजार वॅटची इस्त्री एक तास पूर्ण चालली की एक युनिट. 9 वॅटचा बल्ब मात्र तेवढ्याच ऊर्जेत 111 तास जळतो. वॅट म्हणजे नळ किती मोठा सोडलाय, आणि युनिट म्हणजे बादलीत किती पाणी जमलं. एका युनिटमध्ये 36 लाख ज्यूल असतात. आपली पिशवी 36 लाख वेळा उचलण्याइतकी ऊर्जा आपल्याला काही रुपयांत मिळते, हे मुलाला सांगितल्यावर पंखा बंद करायला तो स्वतः उठेल की नाही, ते सांगता येत नाही. पण बिल वाचायला नक्की शिकेल.

दाब आणि दबाव

इथं एक फसवा शब्द आहे. उर्दू माध्यमात प्रेशरला ‘दबाव’ म्हणतात, मराठीत ‘दाब’. मराठीत ‘दबाव’ म्हणजे कुणावर आणलेलं दडपण. उर्दूतून मराठीत आलेलं मूल ‘हवेचा दबाव’ लिहितं आणि शिक्षक लाल रेघ मारतात. रेघ शब्दावर आहे, समजुतीवर नाही, हे त्याला सांगायला हवं.

दाब म्हणजे बल किती जागेवर वाटलं गेलं. बल तेच ठेवून जागा कमी केली की दाब वाढतो. बकरी ईदला कुर्बानीआधी सुरीला चांगली धार लावण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, जनावराला त्रास कमी व्हावा म्हणून. धारेचं विज्ञान असं की धार जितकी बारीक तितकी टेकणारी जागा कमी, म्हणून कमी बलातही दाब प्रचंड. बोथट सुरीला तेच काम करायला जास्त जोर लागतो. याच्या उलट दप्तराचे पट्टे रुंद असतात, म्हणजे खांद्यावर जागा जास्त आणि दाब कमी.

प्रयोग : तजुर्बा की एतबार?

मराठीत नाटकाचाही प्रयोग असतो आणि व्याकरणात कर्तरी-कर्मणी प्रयोग असतात. उर्दूत ‘तजुर्बा’ म्हणजे प्रयोग आणि अनुभव दोन्ही. ‘मेरे को तजुर्बा है’ म्हणणारी नानी अनुभवाबद्दल बोलत असते. विज्ञानातला प्रयोग त्याहून वेगळा आहे. अनुभव आपोआप येतो. प्रयोग ठरवून करतात, आणि त्याचा एक नियम असतो : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

बसऱ्यात जन्मलेले आणि पुढं कैरोत काम केलेले इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर ‘किताब अल-मनाजिर’ लिहिली. त्यात त्यांचा एक सुंदर प्रयोग आहे. अंधाऱ्या जागेत उघडणारं एक छिद्र, आणि त्याच्यासमोर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले अनेक दिवे. आत भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके. त्यातला एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जातो, उघडला की परत येतो. बाकीचे हलत नाहीत. म्हणजे प्रकाश सरळ रेषेत जातो आणि छिद्रात एकत्र आलेले किरण एकमेकांत मिसळून जात नाहीत. बघा, एका वेळी एकच दिवा. अशा तपासणीसाठी ते अरबीत ‘इअतिबार’ हा शब्द वापरत. तोच शब्द उर्दूत ‘एतबार’ होऊन आला, अर्थ झाला विश्वास. त्यांच्याकडे मात्र त्याचा अर्थ होता तपासून बघणं.

आपल्या जलशांमध्ये इब्न अल-हैसम यांचं नाव मोठ्या अभिमानानं घेतलं जातं. घ्यावंच. पण पुठ्ठ्याला एक छिद्र पाडून, मागं दोन मेणबत्त्या लावून मुलांना तो प्रयोग दाखवणारे मला फार कमी भेटलेत. मोठ्यांनी जवळ बसून, पडद्यांपासून लांब, हे घरी सहज होतं. मेणबत्त्या नको असतील तर दोन मोबाईलचे टॉर्च पुरतात.

बलाच्या धड्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला घरगुती प्रयोग म्हणजे लोलक. दोरीला एक जड नट बांधा आणि खिळ्याला टांगा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर. थोडंसं बाजूला ओढून सोडा. एक जाणं-येणं म्हणजे एक दोलन. दहा दोलनांना किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. साधारण 10 येतील. आता थांबा, आणि दुसरा नट बांधण्याआधी मुलाला अंदाज लिहायला लावा : वजन दुप्पट केलं तर वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? घरातल्या सगळ्यांकडून लिहून घ्या, अब्बूंकडूनही. बहुतेक जण ‘जड आहे, भराभर हलेल’ म्हणतात. मग मोजा. पुन्हा साधारण 10. जड नटाला पृथ्वी जास्त बलानं ओढते हे खरं, पण त्याला हलवणंही तितकंच जड जातं, आणि दोन्ही गोष्टी एकमेकांना फेडून टाकतात.

आता वजन तेच ठेवून दोरी एक मीटर करा. लांबी चौपट. वेळ चौपट होईल का? मोजा : साधारण 20 सेकंद. दुप्पटच. का, ते पुढच्या वर्गांत कळेल. आत्ता फक्त दिसलं ते पुरे.

या एका प्रयोगात वहीतले सगळे शब्द येऊन जातात. उद्देश, उर्दूत मकसद. साहित्य, म्हणजे सामान. कृती, म्हणजे काय केलं. निरीक्षण, उर्दूत मुशाहिदा, इंग्रजीत ऑब्झर्वेशन. आणि निष्कर्ष, उर्दूत नतीजा. निरीक्षण आणि निष्कर्ष यांची मुलं नेहमी अदलाबदल करतात. ‘दहा दोलनांना 10 सेकंद लागले’ हे निरीक्षण, ते डोळ्यांनी आणि घड्याळानं मिळालं. ‘दोलनाचा वेळ वजनावर अवलंबून नाही’ हा निष्कर्ष, तो डोक्यानं काढला. मुलानं निष्कर्षाच्या जागी निरीक्षण लिहिलं तर एवढंच विचारा : ‘हे तू पाहिलंस, की पाहून ठरवलंस?’

घरची भाषा अडवू नका

मूल दखनीत विचार करत असेल तर करू द्या. ‘जोर लगाया तो दरवाजा खुल्या’ यात बलाची पूर्ण समजूत आहे. त्याला ‘शुद्ध बोल’ म्हणून तिथंच तोडलं तर शब्दही जातो आणि समजूतही. आधी घरच्या बोलीत सांगू द्या, मग विचारा, ‘शाळेच्या पुस्तकात याला काय म्हणतात?’ उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहायचा, त्यात सवलत नाही.

पुस्तकाच्या बाबतीत एक सोय आपल्या मुलांना फारशी माहीत नसते. बालभारती एकाच अभ्यासक्रमाची पुस्तकं मराठी, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांत काढते, आणि त्यांच्या पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ज्या मुलाचं माध्यम बदलणार आहे त्याच्यासाठी मे महिन्यात दोन्ही माध्यमांची पुस्तकं उतरवून घ्या. बलाचा धडा दोन्हींत काढा आणि एकमेकांशेजारी ठेवा. उर्दूचं पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणून पानं उलट सुलट वाटतील. आकृत्या बघा, त्यावरून धडा लगेच जुळतो. प्रत्येक आकृतीखाली मुलाला पेन्सिलीनं दुसऱ्या भाषेतला शब्द लिहू द्या, आणि खाली घरातलं एक उदाहरण. रोज एक आकृती. इंग्रजीचं पुस्तक दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत असंच घ्यायचं, अकरावीचं कॉलेज सुरू व्हायच्या आधी.